बाटलीतल्या पेशी आणि वन्संची लस

करोनाची लस आली तेव्हा आमच्या वन्संनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीने, साफ सांगितलं, "मी नाही टोचून घेणार." वय पंचाहत्तरच्या पुढे, त्यात जुना दमा. पण भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, की ही लस पोटातल्या बाळापासून बनवतात.

समजूत घालायला मी कांदिवलीहून रिक्षाने पार्ल्याला निघाले. माझ्याइतकं लायक दुसरं कोण? तरुणपणी मी लशीसाठी लागतात तसल्याच पेशी वाढवायची नोकरी केली होती.

नोकरी म्हणजे काय, अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये माणसाच्या पेशी वाढायच्या. त्यांना दिवसाआड नवं खाद्य घालायचं, आणि बाटली भरली की एकीच्या चार करायच्या. पण मी, बाईसाहेब, स्वतःला शास्त्रज्ञ समजायचे! पांढरा कोट घालून स्टेशनपासून घरापर्यंत मिरवत यायचे, शेजाऱ्यांनी बघावं म्हणून. एका दसऱ्याला तर कहर केला. वडील घरी पाना-हातोडीची पूजा करायचे; मग माझं हत्यार कुठलं? पेशींचं उबदार कपाट! त्याला हळदकुंकू लावलं आणि आत झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्यांत बुरशी. सरांनी विचारलं तर तोंड वर करून म्हणते, "एसी गळत होता, सर." गोठवून ठेवलेल्या कुप्या होत्या म्हणून पेशी परत वाढवता आल्या, नाहीतर वाट लागली होती.

रिक्षात ठरवलं होतं, वन्संनाही असंच ठोकून द्यायचं: सगळ्या अफवा आहेत. पण त्यांनी चहाचा कप पुढे ठेवून सरळ विचारलं, "वहिनी, तू त्या कामात होतीस. खरं काय ते सांग." आणि ठरवलेली थाप मी तिथेच सोडून दिली.

"अर्धं खरं आहे, वन्सं. फार वर्षांपूर्वी, परदेशात, न जन्मलेल्या एका बाळाच्या मूत्रपिंडातल्या पेशी घेतल्या. त्याच आजवर वाढवत आणल्यात. नवं बाळ लागत नाही. लशीतला विषाणू लुळा केलेला असतो, आपल्या अंगात तो वाढत नाही. तो वाढतो या पेशींमध्ये. मग त्याला गाळून, स्वच्छ करून घेतात. पेशी तुमच्या दंडात येत नाहीत."

"आणि त्या बाळाच्या आईला विचारलं होतं?"

चार वर्षं मी त्या पेशींना खाऊ घातलं. रजा कधी मिळेल हे विचारलं, कँटीनला वडे आहेत का हे विचारलं. हे एवढं सोडून सगळं.

"माहीत नाही, वन्सं. तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही."

"तुझ्या डोक्यात तेव्हा काही नव्हतंच," त्या म्हणाल्या. मग बशी पुसत राहिल्या. "माझं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं ना, तेव्हा मलाही कोणी विचारलं नव्हतं. कापडात गुंडाळून नेलं. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

मला एवढंच ठाऊक होतं, की वन्संचं पोटातलं मूल एकदा 'टिकलं नव्हतं'. पंचेचाळीस वर्षांत त्यापुढे मी कधी गेले नव्हते.

"मग नको घ्यायला?" मी हळूच विचारलं.

"त्या बाईचं मूल कोणाच्या तरी कामी आलं, हे तिला कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "लाव नंबर. आणि तूच ये बरोबर. तिथे कोणाला शहाणपण शिकवू नकोस."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. सुई टोचताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. नंतर अर्धा तास बसायला सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही शेजारी शेजारी.

"मुलगी होती," वन्सं अचानक म्हणाल्या. "नर्सने कानात सांगितलं होतं."

मी विचारलं, "नाव ठरवलं होतं?"

"ठरवलं होतं की."

त्यांनी ते मला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. अर्धा तास होऊन गेला, नर्सने दोनदा सांगितलं, "आजी, झालं, निघा आता," तरी आम्ही दोघी बसूनच होतो.