समरकंदचे धोके

लायडनहून निघालेल्या ट्रेनमध्ये माझ्यासमोर पन्नाशीचं एक पुणेरी जोडपं बसलं होतं. बायकोला समरकंद बघायचं होतं आणि नवरा मोबाइलवर तिथले धोके शोधून तिला वाचून दाखवत होता. प्रत्येक धोक्यानंतर तो शर्टाखालचा पासपोर्टचा पट्टा चाचपायचा. गृहस्थ अजून हॉलंडमध्येच होते, पण चेहरा लुटला गेल्यासारखा.

समरकंदचं नाव ऐकून शेजारच्या उझबेक आजी खुलल्या. पिशवीतून गोल रोटी काढून त्यांनी ती मोडली, दोघांपुढे धरली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्यानं आधी खायचं, मग बोलायचं."

या गृहस्थांनी हातांना सॅनिटायझर चोळलं आणि विचारलं, "तुमच्याकडे अनोळखी लोकांचा त्रास कितपत होतो?"

सावध राहण्यात गैर काहीच नाही. पण पुढे आलेला हातही दिसू नये, इतक्या सावधपणाला मी तरी उद्धटपणाच म्हणते.

बायकोनं तुकडा तोंडात टाकला.

"अगं, थांब जरा. काय घातलंय त्यात, विचारू दे."

"तीळ आहेत," ती चावत म्हणाली. "आणि अहो, मी माझं एकटीचं तिकीट काढतेय."