चतुराबाईची साक्ष

स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट 'आपण काही बघितलं न्हाई बुवा' म्हणून तुम्ही कधी गिळलीय का? खरं बोला. इथं कोण ऐकून राहिलंय?

कुरुंद्याच्या चतुराबाईला ती गिळता आली नाही. त्या दिवसापासून ती भीत भीत जगते आहे.

बाई पन्नाशीची, हळदीच्या कामावर जाणारी. ख्रिस्ती होऊन बरीच वर्षं झाली. गावात कुणी आजारी पडलं की ही बोलावण्याची वाट बघत नाही. पाणी तापवते, घाण कपडे धुते, भाकरी थापून ठेवते आणि निघताना विचारते, प्रार्थना करू का? नको म्हणालं कुणी, तर पदर झटकून घरी. हळदवाल्या उत्तमरावांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं हिनंच काढलं. तेव्हा कुणाचा धर्म बाटला नाही.

रविवारी तिच्याच पत्र्याच्या खोलीत आजूबाजूच्या बाया जमतात. पास्टर रत्नपाल म्हणाले, "चतुराबाई, साक्ष द्या," की ही उभी राहते, डोळे मिटते आणि प्रभूनं आपल्याला कोणत्या दुखण्यातून उठवलं ते सांगते. ख्रिस्ती लोक ह्यालाच साक्ष म्हणतात. मी मजुरांच्या संघटनेचा माणूस, देव मानत नाही. पण तिचं बोलणं ऐकायला मीही दारात थांबलेलो आहे.

यंदा उत्तमरावांच्या शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. हळद शिजवायच्या मोठ्या लोखंडी कुकरचं झाकण नीट बसेना, वाफ भसाभस बाहेर. नरसिंग नावाचा मजूर म्हणाला, आधी जाळ ओढा, न्हाईतर मी हात लावणार न्हाई. उत्तमरावांचं पोरगं, विश्वंभर, एवढ्यावरच तापलं आणि त्यानं नरसिंगला ढकललं. मागं खड्ड्यात कुकरचं उकळतं पाणी सोडलेलं होतं. नरसिंग कमरेपर्यंत भाजला. अजून नांदेडला दवाखान्यात आहे.

बाकीचे मजूर म्हणाले, पाय घसरला. चतुराबाई अगदी शेजारी हळद पसरत होती.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव तिच्या दारात. शिवी नाही, चढा आवाज नाही. त्याचंच जास्त भ्या वाटलं, असं ती सांगते. चहा मागितला, अर्धा तसाच ठेवला आणि वर पत्र्याकडं बघत म्हणाले, "चतुरामावशी, गावातली पोरं म्हणून राहिलीत, इथं धर्मांतर चालतं. मीच धरून ठेवलंय त्यांना. किती दिवस धरू?"

तेव्हापासून त्या खोलीत टाळी वाजत नाही. गाणं ओठातल्या ओठात. बाया कमी झाल्या. कामाला कुणी हाक मारत नाही. पत्र्यावर मांजर उतरलं तरी बाई उठून कडी चाचपते.

बाई ठाण्यात सांगायला निघालीय हे कळल्यावर पास्टर आले, समजावू लागले. मावशी, जरा सबुरीनं घ्या, एका माणसापायी अख्खी मंडळी गोत्यात येईल, नरसिंगसाठी आपण उपास करू. माझं डोकं फिरलं. मी त्यांना काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पण भीती त्यांचीही खरी होती. त्यांची मोटारसायकल एकदा लोकांनी जाळलेली आहे.

बाई खाली बघत होती. तशीच म्हणाली, "पास्टर, दर रविवारी तुमीच म्हणता, उठा, साक्ष द्या. आज उठून राहिले, तर बसा म्हणता व्हय?"

पास्टर हळूच म्हणाले, मी येऊ का सोबत? ती म्हणाली, नका येऊ, तुमाला बघितलं की ते धर्मांतरच लिहितील.

ठाण्यात मी गेलो सोबत. जीपमध्ये बसल्यापासून तिचं एकच, परत फिरू. हवालदारानं कागद पुढं ओढला आणि म्हणाला, "साक्ष द्यायला आलात ना? द्या."

बाई खुर्चीतून उठली, डोळे मिटले आणि सुरू झाली, "मी आधी अंधारात होते. दुखण्यानं पार खचले होते..."

हवालदाराचा पेन थांबला. शेजारचा शिपाई फिस्सकन हसला. हवालदार म्हणाला, मावशी, ते न्हाई, शेतात काय झालं ते सांगा. मलाही हसू आलं असतं, पण तिच्या तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता. तिनं डोळे उघडले.

"विश्वंभरनं ढकललं. दोन्ही हातांनी. म्या बघितलं."

बस, एवढंच. खाली अंगठा उठवला आणि भिंतीला धरून बाहेर आली.

आता हेच तिला वसमतच्या कोर्टात सांगायचंय, विश्वंभरच्या तोंडावर. त्यांचा वकील नरसिंगचं सोडून तिची प्रार्थनाच उकरणार, हे मी तिच्यापासून लपवलेलं नाही. तिला घास जात नाही. परवा म्हणाली, "खोलीत साक्ष देते तवा समोर आपल्या बाया असतात. तिथं समोर सगळी त्यांचीच माणसं. माझी जीभच वळली न्हाई तर?"

ह्याचं उत्तर मी एकट्याच्या तोंडानं देण्यासारखं नाहीच.

तारीख लागली की मी कळवीन. तुम्ही वसमतला या. घोषणा नको, झेंडा नको, ख्रिस्ती असायचीही गरज नाही. उत्तमरावांची माणसं यायच्या आत पुढचे बाक धरा आणि तिचं बोलून होईपर्यंत उठू नका.