गच्चीवरचं पान

बौद्ध धम्म हा धर्म की तत्त्वज्ञान, असं मला आजही सभेत कुणीतरी विचारतंच. पूर्वी मी ताडकन उत्तर द्यायचे. देव नाही, आत्मा नाही, नवस नाही, मग धर्म कसला? हे तत्त्वज्ञान! हेच उत्तर मी सगळ्यात आधी माझ्या आईला ऐकवलं होतं, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो. वडील परळच्या गिरणीत. दीक्षा घेतली तेव्हा आईने देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने समुद्रात सोडले, डोळ्यांत टिपूस न आणता. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, त्यामुळे शिंगं फुटलेली. जो भेटेल त्याला शिकवत सुटायचे. वडील हसायचे, "हिला कॉलेजात घालायला हवं, नाहीतर आपल्यालाच शाळेत बसवील." घालू, घालू म्हणता म्हणता त्यांचं छातीचं दुखणं वाढलं आणि ते गेले.

पुढे काय करायचं, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. जुने विधी सोडलेले, नवे अंगवळणी पडायचे होते. वंदना म्हणणारा चाळीत एकच जण, तोही वहीत बघून, अडखळत. ती संपली तसे लोक उठून गेले. आई नुसती बघत राहिली.

दहाव्या दिवशी सकाळी ती दिसेना. गच्चीवर गेले तर कठड्यावर पान मांडलेलं. भात आणि सुक्या बोंबलाची चटणी, वडिलांच्या आवडीची. खालून संयुक्त महाराष्ट्राची प्रभातफेरी चाललेली. 'झालाच पाहिजे'च्या त्या गजरात कावळे कुठले टेकायला? आई हात जोडून गलका सरायची वाट बघत होती.

माझं डोकंच फिरलं. "आई, पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा तूच घेतलीस ना?"

"पिंड नाय गं. जरा बोलायचंय त्यांच्याशी. कावळा शिवला म्हंजे कळंल, ऐकलं म्हणून."

"कुणी ऐकत नाही! माणूस गेला की गेला. हा काय नवसाचा धर्म आहे? हे तत्त्वज्ञान आहे."

"म्हंजे काय गं?" तिने अगदी मनापासून विचारलं.

मी समजावत बसले नाही. पान उचललं आणि खाली नेऊन कचऱ्यात टाकलं. आई मागोमाग जिना उतरली.

दुपारी चहा पिताना ती म्हणाली, "तू कॉलेजात जा. मी गिरणीत नाव लावते." मला वाटलं, पटलं बाई हिला एकदाचं. केवढा आनंद झाला मला! त्यानंतर कितीतरी वर्षं ती गिरणीत उभी राहिली. मी शिकले, प्राध्यापक झाले. विषय, अर्थात, तत्त्वज्ञान.

आई गेली तेव्हा सगळं रीतसर झालं. भन्तेजी आले, अख्खी चाळ एका सुरात वंदना म्हणाली. आईलाही ती तोंडपाठ होती. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून, डोळे मिटून म्हणायची. त्या वेळी ती कुणाशी बोलायची, देव जाणे. बघा, अजून तोंडात देवच येतो.

लोक पांगल्यावर शेजारची मावशी माझ्याजवळ सरकली. आईच्याच वयाची, त्याच चाळीत जन्म काढलेली. म्हणाली, "तुझ्या बापाच्या दहाव्याला पान मांडायच्या आधी मला बोलली होती ती. पोरीला कॉलेजात घालायचं राहिलं, त्यात जीव अडकला असंल त्यांचा. घालीन म्हणून सांगते, मंग शिवंल कावळा."

मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. वडिलांना द्यायचा शब्द तिने मला दिला होता, आणि मी बशीतून चहा भुरकत ऐकला होता.

दहाव्या दिवशी मी भात केला, बोंबलाची चटणी केली आणि गच्चीवर पान मांडलं. प्रतिज्ञा माझीही होती, तरी मांडलं. खाली सगळं शांत होतं. कावळे येऊन कठड्यावर बसले, पण पानाला शिवेनात. मी हात जोडले. आता काहीतरी कबूल करायला हवं होतं. पण आईचं काय राहिलं होतं, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.