पदर सावरण्याआधी

जुना कॅमेरा बदलावा का, हे ठरवायला मैत्रिणीचा मधल्या किमतीचा डीएसएलआर घरी आणला. मावळत्या उजेडातही त्याला फ्लॅश लागत नाही. मटार सोलणाऱ्या आईकडे वळवला, तशी ती हसत म्हणाली, "अगं थांब, पदर तरी नीट करू दे!" पण फोटो निघालाही होता. माझा जुना कॅमेरा फोकस शोधेपर्यंत आई पदर सावरून, ओठ मिटून गंभीर व्हायची. हा मात्र माणूस सावध होण्याआधीच त्याला भेटून येतो.

स्क्रीनवरचा आपला हसरा चेहरा आई बराच वेळ पाहत राहिली.

"ही मी कुठली!" ती म्हणाली. "ही तर माझी आई. तिचा एकही फोटो नव्हता गं आपल्याकडे."