चौकटीवरची रेघ

बुधवार, बारा फेब्रुवारी. सकाळचे साडेदहा. सांगली, नदीकडच्या गल्लीतलं माझं माहेर. हजर : दादा, वहिनी, घराची किंमत ठरवायला आलेले इंजिनिअर, आणि मी — सुरेखा, वय त्रेपन्न, साताऱ्याहून पहिल्या एसटीनं आलेली, काखेत फाईल.

एवढं मी त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. त्यानंतर जे झालं ते लिहिलं नाही. कुणाला बोललेही नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगते.

दादाचा हळदीचा व्यापार बुडाला होता. वकिलांनी नादारीचा अर्ज करायला सांगितलं आणि त्यासाठी घराचं मूल्यांकन हवं होतं. कागद गोळा करायला दादाला कोण आठवलं? मीच. "सुरे, तू ये गं. तुज्याइतकी टापटीप आमच्यात कुणाला हाय?" गेले. उतारे, घरपट्टी, नकाशा, सगळं क्रमानं लावलं, चिठ्ठ्या चिकटवल्या.

वहिनीचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. घराला बरी किंमत आली तर देणी भागून थोडं उरेल, त्यात मिरजेकडं दोन खोल्या घेता येतील. नाहीतर — नाहीतर काय, ते ती बोलत नव्हती. इंजिनिअरना मात्र तीनदा म्हणाली, "सायेब, च्या घ्या की. घर लय चांगलं हाय आमचं."

आमचं. हा शब्द मला टोचला. का टोचला? अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर महिन्याच्या आत दादानं मला हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं होतं. "रीतच हाय ती. भणी काय हिस्सा मागत्यात व्हय?" मी मागितला नव्हता. त्यानं विचारलंही नव्हतं. सही झाल्यावर वहिनीनं ओटी भरली, साडी दिली. साताऱ्याला येऊन घडी उलगडली तर आत चिठ्ठी — वहिनीच्या मावशीनं तिला लग्नात दिलेली साडी होती ती. ती चिठ्ठी मी टाकली नाही. माझ्याकडं सगळं जपून असतं.

आता चौकटीचं सांगते. पुढच्या दाराची सागवानी चौकट, तिच्यावर अण्णांनी खिळ्यानं ओढलेल्या रेघा. अगदी खाली, उंबऱ्यापासून चार बोटांवर, पुराची रेघ — आमच्याकडं पाणी आलं ते तेवढंच. शेजारच्या गल्लीत माणसं माळ्यावर चढली, आमच्याकडं नुसता उंबरा भिजला. आणि वरच्या रेघा दादाच्या उंचीच्या. दर पाडव्याला अण्णा त्याला चौकटीला टेकवून उभा करत आणि रेघ मारत. खिळ्यांचा डबा धरून मी शेजारी उभी. माझी एकही रेघ तिथं नाही. मी वाढत नव्हते का?

दादा टाकी दाखवायला किल्ली शोधत गच्चीवर गेला. वहिनी चहाकडं. इंजिनिअर कराडचे, या गल्लीत पहिल्यांदाच आलेले. त्यांनी विचारलं, "ताई, पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी वाकले नाही. हात वर केला आणि दादाच्या दहाव्या वर्षाच्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथवर? नक्की?"

"वडिलांनी स्वतः खूण केलीय," मी म्हणाले. त्यांनी टेप लावली, साडेचार फूट लिहिलं, फोटो काढला. दादा खाली आला तेव्हा ते पलीकडची खोली मोजत होते. दादा हसून म्हणाला, "सायेब, भणीला इचारा काय ते. तिला सगळं म्हाईत."

रागाच्या भरात झालं असं म्हणू? तेही खोटंच. आठ दिवसांनी अहवालाचा मसुदा तपासायला माझ्याकडंच आला. मी ओळ न् ओळ वाचली. सिटी सर्व्हे नंबरातला एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला. 'पुराचे पाणी साडेचार फूट, भिंतींत ओल मुरण्याचा धोका, त्यामुळे मूल्य कमी' — हे वाचलं, पुन्हा वाचलं, आणि समासात बरोबरची खूण केली. मग चहा केला. चहा चांगला झाला होता, हेही आठवतं.

घराचा लिलाव अहवालातल्या त्या कमी किमतीपासून सुरू झाला आणि फार वर गेला नाही. उरलं काहीच नाही. दादा-वहिनी आता विश्रामबागेच्या पुढं पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहतात. सामान लावायला मीच गेले होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी हाईसा म्हणून उभं तरी राह्यलो." मी हो म्हणाले. वाईट वाटलं का? खरं सांगते — त्या खोलीच्या दारात उभी असताना मला वाटलं, आता कळेल, आपलं घर दुसऱ्याचं होतं म्हणजे काय. अजूनही कधीकधी वाटतं. रोज नाही.

अहवालाच्या शेवटच्या पानावर तो फोटो आहे. चौकट, टेप, रेघ आणि रेघेवर माझं बोट — अंगठीसकट. दादानं अहवाल पाहिलेला नाही. सही करायला नेमकं पान मी उघडून दिलं होतं. ती रेघ त्याला ओळखायला क्षणही लागणार नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "सुरे, त्या कागदाची येक कापी दे की मला. घराची आठवण म्हणून."

या आठवड्याच्या यादीत सहा कामं होती. गॅसची नोंदणी, मुलीचा पासपोर्ट, पाण्याची मोटर, दळण, दाताचा डॉक्टर — पाचांवर खूण झाली. सहावं गेल्या आठवड्याच्या यादीतून उतरवलेलं, त्याआधीही उतरवलेलंच. आज रविवार. नव्या पानावर ते आधी लिहिलं :

१. दादाला अहवालाची प्रत देणे. फोटोसह.