गाऱ्हाण्यानंतर

शाळेत समुपदेशनाचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या वर्षी माझ्याकडे तासिका कमी होत्या. दुसरं काही कारण नव्हतं. मी गणित शिकवते. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे फुगे फुगवले, डोळे मिटून बसलो, एकमेकांच्या पाठीवर कागद चिकटवून चांगले गुण लिहिले. कामाच्या गोष्टी दोनच होत्या: मुलाचं पूर्ण ऐकून घ्या, आणि ऐकलेलं बाहेर सांगू नका. दुसरी गोष्ट मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही ख्रिस्ती. चर्चमध्ये जाळीआड बसलेल्या फादरच्या कानात आपली चूक सांगायची आणि उठून यायचं, ती तिथेच राहते. याला आम्ही कुमसार म्हणतो. लहानपणापासूनची सवय. गुपित ठेवणं मला आपोआप जमेल, असं मी धरून चालले होते.

खेळाच्या सामानाची खोली मला मिळाली. लेझीम, फाटका कॅरम, उंच उडीचे बांबू. ते एका भिंतीला लावून मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचं असं ठरलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे उघडून बसायचे, तेव्हा मी माझा डबा घेऊन पलीकडे जायची.

"बाई, आज किती गिऱ्हायकां?" एक सर रोज विचारायचे.

"तुम्हीच या," मी म्हणायची. "बोहनी करू."

पहिला महिना गिऱ्हाईक आलंच नाही. मी एकटी जेवायची, वह्या तपासायची आणि घंटा झाली की उठायची. घरीही तेच. आई गेल्यापासून घरात मी एकटीच. भाऊ गोव्यात, तो नाताळाला येतो. मला त्याचा त्रास होतो असं नाही. पण दिवसभरात आपण वर्गाबाहेर एकही वाक्य बोललेलो नाही, हे कधीकधी संध्याकाळी भाजीवाली बोलली की लक्षात यायचं.

सातवीतली एक मुलगी ऑगस्टमध्ये सतत पोट धरून बसायला लागली. दोनदा ओकली. ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, तिथे काही निघालं नाही. मी तिची वर्गशिक्षिकाही होते. मागच्या वर्षाची हजेरी काढून पाहिली. तेव्हाही गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पोटदुखी, आणि एप्रिल संपताना पुन्हा. मधले महिने एकही खाडा नाही. एवढं नियमित दुखणं पोटाचं नसतं.

मी तिला खोलीत बोलावलं. पहिले चार दिवस ती काहीच बोलली नाही. मी वह्या तपासत राहिले. पाचव्या दिवशी ती लेझमीकडे बघत म्हणाली, "बाबा येतले."

तिचे वडील मुंबईत एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. वर्षातून दोनदा घरी येतात, गणपतीला आणि मे महिन्यात. मारत नाहीत. पण आमटीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात जातं. रेडिओ मोठा झाला, दार आपटलं, कोणी हसलं, कशानेही बिनसतं. ते घरात असले की आई आणि दोघी मुली भिंतीच्या कडेकडेने चालतात.

"आये त्यांची वाट बघता," ती म्हणाली. "मी देवाक सांगतंय, त्यांका रजा मिळूची नाय. माका पाप लागात मगे?"

मी म्हटलं, नाही लागणार. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. ती डबा खाऊन गेली. त्या आठवड्यात ती ओकली नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा, की गणित दिसलं की सोडवायचं. मला वाटलं, आईला कळलं तर ती नवऱ्याशी बोलेल, निदान मुलीला चार दिवस शिरोड्याला मामाकडे पाठवेल. मुलीला न विचारता मी आईला शाळेत बोलावलं आणि सगळं सांगितलं. देवाला काय सांगते तेसुद्धा. आईने डोळ्यांना पदर लावला. "बाई, तुमी सांगलात म्हणान कळला," म्हणाली. मी समाधानाने घरी गेले.

सोमवारी मुलीची आई ग्रामदेवतेच्या देवळात गेली आणि तिने गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. घरात अडचण असली की माणूस देवळात जातो. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी त्याची अडचण देवापुढे खणखणीत आवाजात मांडतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. गाऱ्हाणं हळू आवाजात होत नाही. आणि त्या आईने स्वतःपुरतं काहीही मागितलं नव्हतं. लेकीच्या मनात बापाविषयी जे भरलंय ते दूर कर, बापाची रजा अडवायची बुद्धी तिला कोणी दिली असेल तर ती काढून घे. व्हय म्हाराजा. तीस-पस्तीस माणसं होती, त्यांत आमच्या शाळेतली आठ-दहा पोरं.

तेव्हा मला हे कोणी सांगितलं नाही. मंगळवारी मी वर्गात गेले. ती फळ्यावर गणित सोडवायला उठली, आणि मागच्या बाकांवरून सुरात आलं, "व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग हसला. ती खडू ठेवून जागेवर बसली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं.

बुधवारपासून ती शाळेत आली नाही.

आई मला बाजारात भेटली. तिचा चेहरा मोकळा दिसत होता. "देवाक घातलंय, बाई. आता बरां जातला." मी तिला काय म्हणणार? ती कबुली देते ती चारचौघांत, मी देते ती जाळीआड. तिने तिच्याकडचा सर्वांत मोठा उपाय केला होता. चूक माझ्या बाजूने झाली होती, आणि ती सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत सांगितली असती तर मुलीचं आणखी एकदा जाहीर झालं असतं. रविवारी कुमसाराला गेले. फादर तरुण आहेत, त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या. मी त्या म्हटल्या. त्याने मुलगी शाळेत येत नाही.

सोमवारी मी वर्गासमोर उभी राहिले. म्हटलं, "तिने एक गोष्ट माझ्याजवळ बोलून दाखवली होती. मी ती बाहेर सांगितली. सांगायला नको होती. तेव्हा ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा."

मग मागून एकाने अगदी हळू म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"बरोबर," मी म्हटलं. "आता उदाहरणसंग्रह काढा."

त्यानंतर आठवडाभर जिन्यात, नळावर, माझ्या पाठीमागे तो सूर चालू होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांच्या हातात कोलीत दिलंत." मी म्हटलं, राहू दे, दमतील. दमली. पण तोवर शिक्षकांच्या खोलीतही मी आत गेले की बोलणं जरा थांबायला लागलं होतं. ज्या बाईजवळ काही बोललं तर ते गावभर होतं, तिच्यासमोर कोण बोलेल? गिऱ्हायकांची चौकशीही बंद झाली.

मुलगी दहाव्या दिवशी आली. खोलीत नाही, वर्गात. मी तिला पाण्याच्या टाकीजवळ एकटी गाठली. शाळेत मी प्रमाण मराठीतच बोलते, त्या दिवशी नाही बोलले.

"माजी चूक झाली गो," मी म्हटलं. "तुका इचारूक होया होता."

ती बाटली भरत राहिली.

"आता काय करू, तां तू सांग. तू सांगशीत तितक्याच करतंय. ज्यास्त नाय."

बाटली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही. मी हात पुढे करून बंद केला. बाटलीला झाकण लावून ती म्हणाली, "गणपतीक आमच्याकडे येवा."

"येतंय."

"एक दिस नाय. रोज. दुपारी जेवच्या वक्ताक." आणि मग, "भायलां माणूस आसला की ते गप ऱ्हवतत."

तिची आई, मी, प्रशिक्षण देणारे साहेब, कोणाला हे सुचलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीने ते कधीच शोधून ठेवलं होतं. तिला फक्त रिकामं माणूस हवं होतं, आणि तसं एक मी होते.

त्यांचा गणपती पाच दिवसांचा. मी पाचही दिवस गेले. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं गणपतीला शेजारच्या घरी जातातच, पण एकदा जातात, करंजी खातात आणि उठतात. मी बारा वाजता जायची आणि चार वाजता निघायची. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगलेली माटवी, तिच्यापासून थोडी बाजूला माझी प्लास्टिकची खुर्ची. मुलगी खुर्चीच्या पायाशी पुस्तक उघडून बसायची. पान उलटताना मी तिला पाहिलं नाही. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. आई आत-बाहेर करताना माझ्याकडे बघायची. तिला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

वडील सभ्य माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मला मुंबईच्या गाडीचे फोटो दाखवले. तिसऱ्या दिवशी त्यांना माझं येणं जड व्हायला लागलं. चौथ्या दिवशी पान वाढलं, त्यांनी काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा पहिला घास घेतला, आणि हात ताटाच्या कडेवर गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात जागच्या जागी थांबली. मी माझ्या पानातली भाजी खात राहिले आणि म्हटलं, "मीठ जरा इकडे पण द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलला. "मीठ आण गो," ते म्हणाले.

जेवण झाल्यावर हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "बाई, रागावू नकात. तुमका घराक काय काम नाय?"

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

चार वाजल्यानंतर त्या घरात काय होत होतं, मला माहीत नाही. मुलीने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी विसर्जनाची तयारी सुरू झाली तेव्हा मी निघाले. ती पाणंदीतून रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली. दुसऱ्या दिवशी वडील मुंबईला परत जाणार होते.

"मे म्हयन्यात शाळा बंद आसता," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुमी खंय आसतास?"

"घरी."

"तुमचा घर खंय?"

मी सांगितलं. चर्चवरून पुढे जायचं, विहीर लागते, मग वळायचं, लोखंडी फाटक. तिने वाट मनात धरून परत म्हणून दाखवली. वळण चुकलं होतं. मी म्हटलं, पहिलं नाही, दुसरं. तिने पुन्हा म्हटलं.