फाशाचा शब्द
चित्रकार रसिकाच्या सूचनांप्रमाणे धाकूमामा रंगाऱ्यांनी वाचनालयाच्या पांढऱ्या भिंतीवर शंभर चौकोन आखले. प्रत्येक चौकोनासाठी फासा टाकायचा आणि पडेल त्या आकड्याला ठरवून दिलेली उभी, आडवी किंवा तिरकी रेघ ओढायची.

"हात चुकला तर चुकू दे मामा, पण फाशाचा शब्द मोडायचा नाही," तिने बजावलं होतं.

इंद्रलोक सोसायटीमधले फ्लॅट रंगवण्यात जन्म गेलेल्या मामांना वाकडं बघवेना. शेवटच्या चौकोनाची रेघ शेजारच्या रेघांशी जुळेना, म्हणून त्यांनी गुपचूप फासा पुन्हा टाकला.

उद्घाटनाला रसिका नेमकी तिथेच थांबली. "बघा मामा, नशिबाने काय झकास जुळवलंय!"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरी, ते नशीब नाय गं. मी फासा दोनदा टाकला."

रसिकाचं हसू मावळलं. "आधी किती पडले होते?"

"तीन," म्हणत मामांनी पिशवीतून घरूनच आणलेला पांढऱ्या रंगाचा डबा काढला.